परसातील बावखल व अतिवृष्टीतील पाण्याची पातळी

वसई तालुक्यातील बागायतदारास बावखल म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेला, काठावर माड किंवा केवडा असलेला आणि पावसाळ्यात तुडुंब भरणारा हा लहानसा तलाव पिढ्यान्‌पिढ्या घराच्या परसाचाच एक भाग होऊन राहिला आहे. पूर्वी रहाटाने व नंतर पंपाने ज्या पाण्यावर पानवेली, केळी व मोगऱ्याचे वाफे शिंपले गेले, ते पाणी बव्हंशी विहिरींतून व या बावखलांतूनच मिळत असे. तथापि उन्हाळ्यात ज्या पाण्याचा एकेक घडा मोजून वापरावा लागतो, तेच पाणी आषाढ-श्रावणात काठावरून वाहू लागले म्हणजे त्याचे काय करावे, याविषयी पुष्कळ बागायतदारांच्या मनात संभ्रम असतो. बावखल भरून वाडीत पाणी पसरू लागले की कोणी पंप लावून ते तळापर्यंत उपसतो. कोणी घाईघाईने कुदळ घेऊन बांध फोडतो. या दोन्ही उपायांपासून होणारी हानी ही पुरापासून होणाऱ्या हानीपेक्षा कित्येकदा अधिक असते. बावखल उपसून रिकामे करावयाचे नसून त्याची पातळी एका ठराविक रेषेवर आपोआप स्थिर राहील अशी योजना पावसापूर्वीच करून ठेवावयाची असते. हे कसे साधावे व असे का करावे, याचा विचार पुढे केला आहे.

प्रथम भूमीची रचना लक्षात घेणे इष्ट होय. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस तुळिंजची टेकडी आहे. तेथून पश्चिमेस लोहमार्ग ओलांडून सोपारा व त्यापलीकडील वाड्यांकडे जावे तो भूमी सखल होत जाते. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसई खाडी आणि पश्चिमेस समुद्र असा हा तिन्ही बाजूंनी भरतीच्या पाण्याने वेढलेला प्रदेश आहे. सोपारा हे प्राचीन काळी शूर्पारक नावाचे प्रसिद्ध बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केल्यावर त्याची प्राचीनता सर्वमान्य झाली. जेथे एके काळी खाडीवाटे गलबते येत, तेथील भूमी समुद्रसपाटीहून फारशी उंच नसणार हे ओघानेच आले. साहजिकच टेकडीवर पडलेले पाणी झपाट्याने खाली येते, परंतु खाली आल्यावर त्यास पुढे जाण्यास उतार सापडत नाही. त्यातच भरतीची वेळ असेल तर खाडीचे मुख जणू बंदच होते. जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात नालासोपारा व वसई येथील रूळ पाण्याखाली गेले व पश्चिम रेल्वेची वाहतूक बंद पडली, त्याच्या मुळाशीही भूमीची हीच रचना होती.

तुळिंजचा बहुतेक भाग आता इमारती व चाळी यांनी व्यापला आहे. जी जमीन पूर्वी पाऊस शोषून घेत असे, तिच्यावर छपरे, फरशी व सिमेंटचे रस्ते आले आहेत. पावसाच्या पाण्यापैकी मोकळ्या वाडीतून निम्मे वाहून जात असेल, तर फरशीवरून दहापैकी आठ-नऊ हिस्से वाहून जातात. त्यात अनेक ठिकाणी जुनी डबकी, तळी व बावखले भराव टाकून बुजविण्यात आली. बावखल बुजविले म्हणजे जागा मिळते, पण त्यात मावणारे पाणी काही नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसते. म्हणूनच ज्यांच्या परसात बावखल अद्याप शिल्लक आहे, त्यांनी त्याची व्यवस्था केवळ स्वतःसाठी नव्हे, तर साऱ्या आळीच्या हिताची म्हणून पाहावी.

पाण्याचा हिशेब

पावसाचा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. समजा, बारा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे एक बावखल आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर झाले. त्याच्याकडे सुमारे दहा गुंठे, म्हणजे हजार चौरस मीटर वाडीचे पाणी उतरते. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर बावखलात प्रत्यक्ष पडणारे पाणी १२ घनमीटर भरेल. जमीन आधीच भिजलेली असल्याने वाडीतील निम्मे पाणी वाहून आले, तर ते ५० घनमीटर होईल. एकूण ६२ घनमीटर पाण्याने बावखलाची पातळी अर्ध्या मीटरहून किंचित अधिक चढेल. पाऊस १०० मिलिमीटर आणि पातळीतील वाढ मात्र ५०० मिलिमीटर, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बावखल केवळ आभाळाचे पाणी घेत नाही, तर साऱ्या वाडीचे पाणी घेते. घराच्या छपराची पन्हळही त्यात सोडलेली असेल, तर १०० चौरस मीटर छपराचे आणखी ९ घनमीटर पाणी त्यात मिळवावे.

महसूल खात्याच्या व्यवहारात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजतात. उत्तर कोकणात असे दिवस एकाच पावसाळ्यात अनेकदा येतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पावसास पुरे पडेल असे बावखल कोणाच्याही परसात असणे शक्य नाही. तेव्हा जागा वाढविण्याच्या मागे न लागता वाट करून देण्याचाच विचार केला पाहिजे.

येथे एक प्रचलित समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. पावसाचा इशारा मिळताच पंप लावून बावखल एक फूट खाली आणले म्हणजे निश्चिंत राहता येते, असे अनेकजण मानतात. वरील उदाहरणातील बावखल एक फूट उतरविले तर सुमारे ३६ घनमीटर जागा मिळते. ती जागा अवघ्या ६० मिलिमीटर पावसात पुन्हा भरते. पाऊस चालू असताना पंप चालवावा म्हटले तर तेही साधत नाही. सेकंदास ५ लिटर पाणी उचलणारा पंप तासाला १८ घनमीटर पाणी बाहेर टाकतो. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पडणारा पाऊस त्याच तासात ३१ घनमीटर पाणी आणतो. शिवाय अशा वेळी वीज जाण्याचाच संभव अधिक. पंपावर पैसा व डिझेल खर्च करूनही पातळी चढतच राहते, हा अनुभव अनेक वाड्यांतून दरवर्षी येतो, आणि दोष मात्र पंपास दिला जातो.

बावखल उपसून रिकामे का करू नये

बावखलास तळाशी सिमेंट नसते. त्यातील पाणी व सभोवतालच्या जमिनीतील पाणी ही वास्तविक एकच होत. पावसाळ्यात वाडीतील भूजल काठाजवळ आलेले असताना बावखल उपसणे म्हणजे सभोवतालच्या वाड्यांचे पाणी त्यात ओढून घेणे होय. उपसलेले पाणी पाझरून पुन्हा परत येते. यात श्रम व्यर्थ जातात हा एक भाग झाला. परंतु याहून गंभीर असे दोन धोके आहेत.

पहिला धोका काठ कोसळण्याचा. पाऊस पिऊन जड झालेल्या काठास बावखलातील पाण्याचा आधार असतो. ते पाणी एकाएकी काढून घेतले, तर काठाच्या आतील पाणी मात्र तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. ते आतून मातीस बाहेर ढकलते आणि काठ खचतो. काठावरील माड वाकून बावखलात पडणे, जवळच्या विहिरीच्या बांधकामास किंवा घराच्या जोत्यास तडे जाणे हे प्रकार अशा उपशानंतर घडतात. पातळी उतरविणे भागच असेल, तर ती दिवसाला सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक उतरवू नये.

दुसरा धोका सावकाश येतो व म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड आहे. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फूट खोलपर्यंत गोडे पाणी टिकून राहते, असा हिशेब आहे. उलट, वरची पातळी एक फुटाने कायमची घटली, तर खालून खारे पाणी तितक्याच पटीने वर येऊ पाहते. प्रत्यक्षात जमिनीचे थर एकसारखे नसल्याने हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, तरी त्याची दिशा खरी आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील कित्येक विहिरींचे पाणी गेल्या काही दशकांत मचूळ झाले, त्यास अमर्याद उपसा कारण झाला. पावसाळ्यात भरलेले बावखल हे याविरुद्धचे सर्वांत स्वस्त साधन होय. त्यातील पाणी चार महिने जमिनीत मुरत राहते आणि खाऱ्या पाण्यास खाली दाबून ठेवते. ज्या बागायतदाराने श्रावणात बावखल उपसून खाडीत घातले, त्याने वैशाखातील आपल्या विहिरीचेच पाणी फेकून दिले असे समजावे.

सांडवा

मग जादा पाण्याची वाट काय? याचे उत्तर धरणापासून परसापर्यंत एकच आहे, व ते म्हणजे सांडवा. बांधाच्या ज्या बाजूस पुढे नैसर्गिक ओहोळ किंवा गटार असेल, त्या बाजूस पक्की खाच ठेवावी. खाचेचा उंबरठा बांधाच्या माथ्यापासून निदान ४५ सेंटिमीटर खाली असावा. रुंदी मात्र थोडीथोडकी ठेवू नये. वरील उदाहरणातील बावखलास ६० सेंटिमीटर रुंदीचा सांडवा पुरेसा होतो. त्यावरून ६ सेंटिमीटर जाडीचा प्रवाह वाहू लागला तरी सेकंदास सुमारे १५ लिटर, म्हणजे तासाला ५४ घनमीटर पाणी निघून जाते. तासाला १०० मिलिमीटर असा अपवादात्मक पाऊस झाला तरी प्रवाहाची जाडी ७ सेंटिमीटरच्या आसपास राहते व बांध सुरक्षित राहतो. मोठ्या वाडीस याच प्रमाणात रुंदी वाढवावी.

उंबरठा व दोन्ही बाजू दगडी किंवा विटांच्या सिमेंट बांधणीत कराव्यात आणि पाणी जेथे खाली पडते तेथे डबर रचावा. अन्यथा पडणारे पाणी खड्डा पाडते, तो खड्डा मागे सरकत येतो आणि एका रात्रीत सांडव्यासकट बांध घेऊन जातो. खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ लोक खाचेऐवजी चार इंची पाईप बांधातून आरपार घालतात. मोकळा असताना व वर पुरेसे पाणी असताना पाईप चांगले काम देतो यात संशय नाही. परंतु केळीचे एक पान किंवा जलपर्णीचा एक झुबका त्याचे तोंड बंद करण्यास पुरतो, आणि नेमक्या त्याच रात्री कोणी ते पाहावयास जात नाही. शिवाय पाईपाच्या बाहेरच्या अंगाने पाणी झिरपून बांध आतून पोखरला जातो. पाईप घालावयाचाच असेल तर त्याभोवती चिकणमाती चांगली धुम्मस करून बसवावी, तोंडाशी मोठी जाळी ठेवावी आणि त्याच्या जोडीस उघडी खाच असावीच.

बांधाचे काम मे महिन्यात उरकावे. खेकड्यांची व उंदरांची बिळे या कोरड्या दिवसांत स्पष्ट दिसतात. ती खणून चिकणमातीने ठासून भरावीत. वरवर माती ओढल्याने बीळ बुजत नाही, ते फक्त दिसेनासे होते. बाहेरच्या उतारावर वाळ्याची रोपे लावल्यास त्यांची खोल मुळे माती धरून ठेवतात. गाळही याच सुमारास काढावा. बावखलाचा गाळ हे उत्तम खत असून तो केळी व माडांच्या आळ्यांत घालण्याची जुनी पद्धत सर्वस्वी योग्य आहे. मात्र खोली वाढविण्याच्या उत्साहात तळाशी मूळची माती खणत जाऊ नये. समुद्रालगतच्या वाड्यांत अधिक खोल गेल्यास खारे पाणी लागण्याची भीती असते.

सांडव्यातून बाहेर पडलेले पाणी शेजाऱ्याच्या वाडीत सोडणे हे कलहाचे नित्य कारण आहे. एकाच ओहोळावर असलेल्या वाडीवाल्यांनी वळवापूर्वी एकत्र येऊन तो ओहोळ साफ करावा, आणि कोणाचा सांडवा किती उंचीवर राहील हे समोरासमोर ठरवावे. खालच्या वाडीचा उंबरठा वरच्या वाडीच्या उंबरठ्याहून उंच असेल, तर वरच्याचा सांडवा कितीही रुंद असला तरी निरुपयोगी ठरतो.

भरती-ओहोटीचा संबंध

ज्या वाड्यांचे पाणी थेट खाडीस मिळणाऱ्या नाल्यात जाते, त्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मोठ्या भरतीच्या वेळी नाल्यातील पाणी उलटे फिरते. सांडव्याचा उंबरठा त्या पाण्याच्या पातळीहून खाली असेल, तर वाडीचे पाणी बाहेर जाण्याऐवजी खाडीचे खारे पाणी आत येते. असे एकदा घडले तरी वाफ्यांतील माती बिघडते. खार जमिनीच्या बांधास जशी उघाडी असते, तशी लहान उघाडी अशा ठिकाणी सांडव्याच्या बाहेरच्या तोंडास बसवावी. वरच्या कडेस बिजागऱ्या असलेली ही झडप आतील पाण्याच्या दाबाने उघडते व बाहेरील पाणी चढू लागले की आपोआप मिटते. तिच्या कडेत काटकी अडकली तर ती मिटत नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या पावसापूर्वी ती हाताने हलवून पाहावी.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील किनाऱ्यावरची रीत बहुतेकांस ठाऊक आहे. तिथीच्या अंकास तीनने गुणून चारांनी भागावे. चतुर्थीस तीन वाजता व अष्टमीस सहा वाजता भरती असते. पौर्णिमा व अमावास्या या तिथींना ती दुपारी व मध्यरात्रीच्या थोडी आधी येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी होते. हा हिशेब स्थूल आहे. नेमकी वेळ हवी असल्यास छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. तथापि पंप किंवा झडप यांचे काम ओहोटीच्या तीन-चार तासांतच उरकले पाहिजे एवढे त्यावरून निश्चित ठरविता येते. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि अतिवृष्टीचा इशारा एकाच दिवशी आले, तर आदल्या ओहोटीस ओहोळ व सांडवा पुन्हा एकदा तपासावा. अशा दिवशी बावखल काठोकाठ भरणार हे गृहीत धरून खते, बियाणे, पंपाची मोटर व गुरे यांची सोय उंचावर करावी.

वाफ्यांत शिरलेले पाणी निघून जाण्यास उशीर झाला तर पिकांची मुळे हवेवाचून कुजू लागतात. पानवेल या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. मोगराही फारसा टिकाव धरत नाही. केळ थोडा काळ तग धरते, परंतु बुंध्याशी साचलेले पाणी तिलाही मानवत नाही. माडास त्यांच्या मानाने भीती कमी. म्हणून उन्हाळ्यात ज्या पाटांनी शिंपण होते, त्यांचाच उपयोग पावसाळ्यात पाणी बावखलाकडे आणण्यासाठी करावा व नाजूक पिके बावखलापासून दूर, उंच वाफ्यांवर ठेवावीत.

प्लॅस्टिकचे शेततळे व पोहण्याचा तलाव

अलीकडे तालुक्यात दोन नव्या प्रकारची तळी दिसू लागली आहेत. एक म्हणजे तळाशी प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरलेले शेततळे, व दुसरा अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यावरील गावांत पर्यटकांसाठी वाडीतच बांधलेला काँक्रीटचा पोहण्याचा तलाव. दिसण्यात ही बावखलाहून निराळी असली, तरी पावसाळ्यात त्यांना जमिनीखालच्या पाण्याचा उपद्रव बावखलापेक्षाही अधिक होतो. कारण त्यांतील पाणी व जमिनीतील पाणी यांच्यामध्ये पडदा आहे.

पावसाने गढूळ झालेला तलाव धुऊन काढावा या हेतूने मालक भर जुलैत तो पूर्ण रिकामा करतात. त्या वेळी सभोवतालचे भूजल जमिनीच्या जवळ आलेले असते. तलावाच्या तळापेक्षा ते एक मीटर उंच असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून एक टनाचा दाब येतो. ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद तळावर हा दाब ३२ टन होतो. १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला जेमतेम ३७५ किलो भरते. साहजिकच तळ फुगून तडकतो, किंवा हलका साचेबंद तलाव असेल तर तो सबंध उचलला जातो. शेततळ्यात हाच दाब प्लॅस्टिक वर उचलून त्याचे फुगे करतो व जोड फाडतो. आतील पाण्याचे वजन हेच या दाबास उत्तर होय. यास्तव पावसाळ्यात असा तलाव कधीही रिकामा करू नये. सफाई व दुरुस्ती भूजल खोल गेल्यावर, फेब्रुवारीनंतर करावी. तलावाच्या शेजारी तळाच्या खोलीपर्यंत भोके पाडलेला एक उभा पाईप पुरून ठेवल्यास त्यात काठी घालून भूजलाची पातळी केव्हाही पाहता येते. हा पाईप बांधकामाच्या वेळीच पुरला तर खर्च नगण्य येतो.

पोहण्याच्या तलावाचा पावसाचा हिशेब बावखलापेक्षा सरळ आहे. काठ सभोवतालच्या जमिनीहून उंच केलेला असेल तर बाहेरचे पाणी त्यात येत नाही, आणि १०० मिलिमीटर पावसाने पातळी १०० मिलिमीटरच चढते. इशारा मिळताच ती एक वीत उतरवावी व वरच्या कडेस कायमचे निर्गमद्वार ठेवावे. याहून अधिक काही करावयाचे नाही. औषध घातलेले हे पाणी वाफ्यांत किंवा बावखलात मात्र सोडू नये. त्यातील क्लोरीन मासळीस मारक आहे. औषध घालणे थांबवून चार-पाच दिवस ते उघड्यावर राहू दिल्यास क्लोरीन बरेचसे उडून जाते. म्हणून पावसाचे दिवस जवळ येताच औषधाची मात्रा आखून घेणे सोयीचे पडते. पंप किंवा दिवे यांच्या तारा पाण्याजवळ असतील, तर पाणी चढण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे आणि पाण्यात उभे राहून त्यास हात लावू नये. याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही, पण पावसाळ्यात अपघात होतात ते बहुधा याच एका चुकीने.

पूर ओसरल्यानंतर

तुळिंजसारख्या दाट वस्तीच्या भागात पुराचे पाणी केवळ पावसाचे नसते; शौचकूपांच्या टाक्या व गटारे यांतील घाणही त्यात मिसळते. असे पाणी विहिरीत शिरले असेल तर ते शुद्ध केल्यावाचून पिण्यास वापरू नये. गढूळपणा बसल्यावर दर हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम या प्रमाणात ताजी ब्लीचिंग पावडर घालून निदान एक तास थांबावे, आणि तरीही पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. बावखलात मात्र ब्लीचिंग पावडर टाकू नये. तेथील गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात; ते मेले तर पाणी शुद्ध दिसेल, पण पंधरा दिवसांत आळीत हिवताप व डेंग्यू यांचे भय वाढेल. बावखलात वाहून आलेले प्लॅस्टिक व जलपर्णी जाळ्याने काढून घ्यावी, एवढे पुरे.

भरलेल्या बावखलाचा काठ निसरडा असतो आणि पाणी गढूळ असल्याने खोली कळत नाही. घरात लहान मुले असतील तर काठाभोवती बांबूचे किंवा काटेरी झुडपांचे कुंपण पावसापूर्वीच घालावे, व पाण्यापर्यंत उतरण्याची वाट एकच ठेवून तिला फाटक लावावे. सांडव्याजवळ वाहत्या पाण्यात मुले मासे धरावयास जातात. तेथे पाण्याची ओढ दिसते त्याहून जोरकस असते.

फळ्या केव्हा बसवाव्यात

सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या बांधकामात उभ्या खाचा ठेवून त्यांत लाकडी फळ्या सरकविण्याची सोय केल्यास तोच सांडवा पाणी सोडण्याच्या व साठविण्याच्या अशा दोन्ही कामी येतो. जून, जुलै व ऑगस्टमध्ये फळ्या काढून ठेवाव्यात. या काळात पाऊस पुन्हा येणार हे निश्चित असल्याने पातळी खालच्या उंबरठ्यावर ठेवण्यात तोटा नाही. हवामान खात्याच्या हिशेबाप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो व ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्यावरून वसईकर बागायतदाराने सप्टेंबरच्या मध्यास पहिली फळी बसवावी, आठवडाभर पावसाचा रंग पाहून दुसरी बसवावी. एकेक फळी १० सेंटिमीटर उंचीची असल्यास दोन फळ्यांनी वरील उदाहरणातील बावखलात २४ घनमीटर, म्हणजे चोवीस हजार लिटर पाणी अधिक राहते. शिवाय सभोवतालच्या जमिनीत मुरते ते निराळेच. फळ्या बसविल्यानंतरही बांधाचा माथा पाण्याहून २५ सेंटिमीटर तरी वर राहिला पाहिजे. परतीचा पाऊस मेघगर्जनेसह अल्पावधीत जोराने पडतो, म्हणून तो संपेपर्यंत वरची फळी हाताने सहज ओढून काढता येईल अशी सैल ठेवावी, आणि आभाळ मोकळे झाल्यावरच तिच्या फटींत चिकणमाती भरावी.